बुधवारचे नऊ कुरव

हिमायतसागरच्या एका काठाला खडकाचा लांबट भाग पाण्यात आत शिरलेला आहे. काका त्याला ‘नाक’ म्हणायचे. पोस्टात नवीन लागले तेव्हा काही वर्षं त्यांची बदली समुद्रकाठच्या एका गावी होती. तिथं डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी ते त्या टोकावर बसून पक्षी पाहत. पुढं हैदराबादेत आले, आबिड्सच्या पोस्टातून रिटायर झाले, पण सवय सुटली नाही. ‘समुद्र नाही तर नाही, नाक तरी हवं,’ म्हणायचे. हिवाळ्यात समुद्राचे पक्षी आमच्या तलावांपर्यंत येतात आणि उन्हं तापायला लागली की परत जातात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी समुद्र अजून पाहिलेला नाही.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मी त्यांच्या घरी कामाला होते. पण नुसतं ‘कामाला होते’ म्हटलं तर तेही खोटंच होईल. मी नांदेडकडची. सातवीनंतर शाळा सुटली. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावी होता आणि घरात माझ्या पाठची तिघं. लग्न होऊन हैदराबादला आले. नवरा बेगम बाजारात मिरचीच्या गोदामात होता. मुलगी चार वर्षांची असताना तो वारला. बुद्धविहारात भेटणाऱ्या एका बाईनं मला दिलसुखनगरच्या या मराठी घरी आणून सोडलं. काकूंचे सांधे धरलेले, त्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांच्याच ओट्याशी उभं केलं, त्यांच्याच कपात चहा दिला आणि म्हणाल्या, ‘मागची खोली झाडून घे, आजपासून तिथंच राहा.’ तो कप काय होता, ते ज्याला कळायचं त्याला कळेल. त्या खोलीत आम्ही मायलेकी अकरा वर्षं राहिलो. मुलीच्या शाळेचा दाखला, आधार, रेशन, सगळ्यावर पत्ता त्या घराचा.

काकू गेल्या आणि पुढच्याच वर्षी काकांची नजर गेली. पूर्ण नाही. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झाला होता. समोरचं दिसायचं नाही, कडेचं धूसर दिसायचं. त्यामुळं माझ्याशी बोलताना ते मान वळवून बसायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा रुसलाय. दुर्बिणीचा त्यांना उपयोग उरला नाही. एके दिवशी त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली.

‘काका, मला काय कळतंय यातलं?’

‘मेथी आणि शेपू कळते ना?’

‘ती कळते हो.’

‘मग कुरव आणि सुरयही कळेल. चल, चप्पल घाल.’

भाजी निवडायला शिकवावं तसंच शिकवलं त्यांनी. कुरव जाडसर, पाण्यावर बदकासारखा खुशाल बसून राहतो. सुरय सडपातळ, शेपटी मासोळीसारखी चिरलेली. तो पाण्यावर बसत नाही, घिरट्या घालतो आणि दगड टाकल्यासारखा सूर मारतो. सुरय बाराही महिने इथलेच. कुरव पाहुणे. हिवाळाभर कुरवाचं डोकं पांढरं असतं. फाल्गुन लागला की त्यावर चॉकलेटी रंग चढायला लागतो. त्याला आम्ही टोपी म्हणायचो. टोपी चढायला लागली की समजायचं, पाहुणे आवराआवर करताहेत.

दर बुधवारी आणि रविवारी, उजाडता उजाडता आमची ठरलेली ऑटो यायची. आरामघर चौकावरून तलावापर्यंत. नाकावर काकांसाठी घडीची खुर्ची मांडायची, मी शेजारी उभी राहून मोजायची.

‘किती?’

‘छत्तीस.’

‘टोप्या?’

‘चार. एकाला नुसता टिळा लागलाय.’

‘टिळा म्हणजे कुठं? कानामागं की कपाळाला?’

मी पुन्हा बघायची. घरी आल्यावर ते सगळं मोठ्या अक्षरात वहीत लिहायचं. काकांची वही तीस वर्षांची. त्यात शेवटची तीन वर्षं माझ्या अक्षरात होती. शाळा सुटल्यापासून किराण्याच्या यादीपलीकडं मी काही लिहिलं नव्हतं. कुणी पाहुणा आला की काका ती वही काढून दाखवायचे आणि मी उगीच स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसायची.

वहीत त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट एकच. दर वर्षीची शेवटची तारीख, म्हणजे शेवटचा कुरव ज्या दिवशी दिसला तो दिवस. म्हणायचे, ‘आलेला पक्षी कुणालाही दिसतो. गेला कधी हे सांगायचं तर जो तिथं जात राहिला त्यालाच सांगता येतं.’ शहरातल्या पक्षी पाहणाऱ्यांच्या गटात एक तेलुगू मॅडम होत्या, बँकेत अधिकारी. त्या दर उन्हाळ्यात येऊन वहीचे फोटो काढायच्या आणि आकडे कॉम्प्युटरवर चढवायच्या. इतक्या वर्षांची सलग नोंद गावात दुसऱ्या कुणाकडं नाही, म्हणायच्या.

मग राज्याची वाटणी झाली. नंबर प्लेटा बदलल्या, ऑफिसांवरच्या पाट्या बदलल्या, आणि सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. काकांची सून सरकारी नोकरीत, माहेर कृष्णेकाठचं. ती आंध्राच्या वाट्याला गेली. ऑफिस विजयवाड्याकडं हलायचं ठरलं तशी ती आणि काकांचा मुलगा माघ संपता संपताच तिकडं गेले. घर भाड्यानं द्यायचं ठरलं. काकांना ते बरोबरच नेणार होते, पण काका म्हणाले, ‘कुरव गेले की येतो. शेवटची तारीख लिहिली की माझं इथलं काम संपलं.’

मुलगा हसला. मला म्हणाला, ‘ताई, पक्षी उडाले की एक फोन टाका. मी गाडी घेऊन येतो. तोवर तुम्ही दुसरीकडं खोली बघून ठेवा.’

त्यानं काही वावगं म्हटलं नव्हतं. मी ‘हो’ म्हणाले. पण मुलीची दहावी होती. पेपर चैत्रात लागत होते. कुरव तर त्याच्या आधीच जातात. म्हणजे ऐन अभ्यासात ही खोली सोडून कुठं तरी लांब, जिथं परवडेल तिथं जायचं. आमच्या गल्लीतून तिची शाळा चालत दहा मिनिटांवर. समोरच्या क्लासमधल्या पोरी तिला जुन्या नोट्स द्यायच्या. माझी शाळा ज्या कारणानं सुटली तेही असंच साधं कारण होतं. कुणी दुष्टपणा केला नव्हता, फक्त वर्ग लांब होता.

एक महिना मागायला हवा होता. आज हे लिहिताना ते इतकं सोपं वाटतं. पण ज्या घरानं अकरा वर्षं दिली त्या घराकडं आणखी एक महिना मागायचा, हे माझ्या जिभेवर येईना. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. वाटायचं, म्हणतील, हिचं काही संपत नाही.

त्या बुधवारी नऊ कुरव होते. सगळ्यांच्या टोप्या अर्ध्या चढल्या होत्या. मी दोनदा मोजले. परत येताना काका म्हणाले, ‘आता आठवडाभराचे सोबती.’ मुलीच्या पहिल्या पेपरला पाच दिवस होते.

रविवारी नाकावर गेलो. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि डोळे मिटून घेतले.

‘किती?’

‘नऊ,’ मी म्हणाले.

हे मी का केलं ते सांगते, त्यानं काही कमी होत नाही तरी. पाहिलं असतं आणि कुरव नसते, तर मला माहीत असूनही खोटं बोलावं लागलं असतं. न पाहता बोललं की ते अर्धंच खोटं, असं मी मनाला समजावलं. कदाचित असतीलही नऊ. दुर्बिणीच्या मागं अंधार होता आणि पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. पुढच्या बुधवारी ‘आठ’ म्हणाले. मग पुन्हा ‘आठ’. काकांना कडेकडेनं पांढरं काही तरी फडफडताना दिसायचं. ते सुरय होते, इथलेच. काका त्या दिशेला हात करून विचारायचे, ‘तो बघ, तो उडाला तोच ना?’ आणि मी ‘हो’ म्हणायची.

ऊन वाढत चाललं. मी त्यांच्या डोक्यावर ओला पंचा ठेवायची, छत्री धरायची. ऑटोवाला खरं तर ऑटोतच झोप काढायचा, पण एका बुधवारी तोही खडकावर आला. जरा वेळ पाण्याकडं बघितलं आणि काकांपासून लांब मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘अम्मा, ये सफेदां तो बारा महिने इधरीच रैते. वो मोटे वाले तो कब के चले गए. चाचा कू क्या बता रए तुम?’

‘आप ऑटो देखो ना,’ मी म्हणाले.

‘हौ, मेरा क्या जाता,’ तो म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी हसून बोलेना. मीच त्याला तोडून बोलले होते, तरी मलाच त्याचा राग आला.

खोटं नुसत्या आकड्यावर थांबलं असतं तर एक वेळ ठीक. पण काका टोप्यांचं विचारायचे. अर्ध्या टोप्या किती दिवस अर्ध्या ठेवणार? म्हणून मी त्या चढवत नेल्या. पाऊण. मग, ‘मागून थोडं पांढरं उरलंय.’ शेवटी एका रविवारी म्हणून बसले, ‘पूर्ण चढल्या, काका. सगळ्यांच्या.’

काका खुर्चीतून अर्धे उठले. ‘पूर्ण? अगं, पूर्ण टोपीचा कळप मी इथं कधीच बघितला नाही! तीस वर्षांत नाही! त्याआधीच निघून जातात ते. नीट बघ. मानेपर्यंत उतरलीय?’

‘मानेपर्यंत.’

त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडं बघितलं. घरी येऊन त्यांनी त्या मॅडमना फोन लावायला सांगितला. मीच लावून दिला. दोन पेपर उरले होते. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी ‘गेले’ म्हणून सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण मॅडम म्हणाल्या, ‘अंकल, मुझे देखना है. कल छुट्टी लेती हूं.’

दुसऱ्या दिवशी त्या त्यांच्या गाडीनं आल्या. तीन पायांवर उभी राहणारी मोठी दुर्बीण, कॅमेरा. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

‘कहां पर, अंकल?’

‘सामने. पानी पर बैठे होंगे.’

मॅडमनी खूप वेळ पाहिलं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, पुन्हा परत. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते.

‘अंकल, ये तो टर्न हैं. सात हैं. गल एक भी नहीं.’ त्या सुरयला टर्न आणि कुरवाला गल म्हणायच्या.

‘ठीक से देखिए.’

‘देखा, अंकल.’ त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ‘हम लोग पिछले हफ्ते भी आए थे, उधर बांध की तरफ. तब भी नहीं थे.’

काकांनी मान वळवली, मी त्यांना कडेनं दिसावी म्हणून. ‘काय गं?’ एवढंच विचारलं.

तिथं खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, ‘आत्ताच उडाले असतील.’

ऑटोवाला मागं उभा होता. त्यानं तोंडातलं पान थुंकलं आणि ऑटोकडं चालायला लागला.

काकांनी मान सरळ केली. मग मॅडमकडं वळून म्हणाले, ‘गलती मेरी है. आंखें मेरी गई हैं. जो खुद नहीं देख सकता, उसको लिखना नहीं चाहिए. आप ऐसा कीजिए, पिछले तीन साल का सब निकाल दीजिए.’

‘अरे नहीं अंकल, इस साल पर क्वेश्चन मार्क लगा देंगे, बस.’

‘क्वेश्चन मार्क वाली चीज मैंने कभी नहीं लिखी. निकाल दीजिए. तीनों साल.’

मला एक शब्दही बोलले नाहीत. घरी आल्यावर मी लिंबाचं सरबत केलं, ते तसंच राहिलं. मुलगी पेपरला गेली होती. काका म्हणाले, ‘वही आण. काय काय खोडायचंय ते एकदा ऐकू तरी दे.’

मी वाचायला लागले. पहिल्या वर्षाचं, दुसऱ्याचं. प्रत्येक ओळ खरी होती. थंडीत बोटं आखडली होती तरी मोजलेली, धुकं जाईपर्यंत थांबून मोजलेली. एकदा एक कुरव लंगडा होता, तेही लिहिलं होतं. काका मान हलवत ऐकत होते. ‘हां. हां, तो लंगडा.’ वाचत वाचत मी या वर्षाच्या त्या बुधवारापर्यंत आले. ‘बुधवार. नऊ. टोप्या अर्ध्या.’ पुढची ओळ माझ्याच अक्षरात समोर होती आणि ती माझ्या तोंडातून निघेना.

‘पुढं?’

‘पुढचं खोटं आहे, काका.’

मग सगळं एकदम बाहेर आलं. परीक्षा, खोली, फोन उचलून ठेवलेला. मी रडत सांगत होते आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

‘ते राहू दे. म्हणजे मागची तीन वर्षं खरी?’

‘आईची शपथ.’

‘शपथ नको. नऊ खरे?’

‘नऊ खरे.’

‘मग रविवारी होते का?’

‘माहीत नाही.’

‘माहीत नाही म्हणजे? दुर्बीण लावली होतीस ना?’

‘डोळे मिटले होते.’

काका खुर्चीत मागं टेकले. अकरा वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला. ‘अगं बाई, खोटं सांगायचं तर सांगायचं! पण बघून सांगायचं! मला नाही कळलं तरी तुला तर तारीख माहीत असती!’

खोली मिळाली असती, महिना मिळाला असता, सगळं मागून मिळालं असतं. ती तारीख आता कुणाकडंच मागता येत नव्हती. तीस वर्षांत त्यांनी एकही चुकवली नव्हती, आजारी असताना नाही, काकू गेल्या त्या साली नाही. माझ्यामुळं त्यांची शेवटची तारीखच गेली.

मग ते म्हणाले, ‘पट्टी घे.’ मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन मी त्या बुधवारनंतरच्या ओळी एकेक करून खोडल्या. ‘आता लिही. बुधवार, नऊ. त्यानंतर पाहिलं नाही.’

मी लिहिलं.

‘आणि मॅडमना?’ मी विचारलं.

‘तूच सांग. तीन वर्षं तू बघितलीस, तूच सांभाळ.’

दुसऱ्या दिवशी बँकेच्या वेळेआधी मी फोन केला. माझी हिंदी तुटकी. सगळं सांगितलं. मग त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. कुरव आणि सुरय खडकावर बसलेले असतील तर कसे ओळखता? टोपी कुठून चढायला लागते? धुक्यात काय करता? मी उत्तरं देत गेले. शेवटी म्हणाल्या, ‘ठीक है. तीन साल रखते हैं. इस साल का बुधवार तक.’

मी थँक्यू म्हणाले.

‘लेकिन फिर नाम आपका आएगा. देखा तो आपने है.’

‘नहीं मॅडम, काकांचंच ठेवा, काका का रखिए.’

‘जिसने देखा, उसी का नाम. रूल है.’

काकांची वर्षं काकांना परत मिळावीत म्हणून मी फोन केला होता. ती माझ्या नावावर गेली. त्यांची नोंद त्यांची नजर गेली त्या वर्षाशी थांबली. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘बरोबर आहे तिचं,’ आणि वर्तमानपत्र वाचून दाखव म्हणाले.

मुलीचा शेवटचा पेपर झाला. पुढं निकालात ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. तिला यातलं काही माहीत नाही. मराठी ती अक्षर अक्षर जुळवत वाचते. हे सगळं तिनं वाचलंच तर तेव्हा कळेल.

पेपर संपल्यावरच्या रविवारी काकांचा मुलगा गाडी घेऊन आला. काकांनी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. सामान चढवताना तो म्हणाला, ‘ताई, एक महिना मागितला असता तर आम्ही काय नाही म्हटलं असतं? तिचं कॉलेज सुरू होईपर्यंत राहा. किल्ली तुमच्याकडंच ठेवा.’ त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी किल्ली घेतली.

काका पुढच्या सीटवर बसले. वही मांडीवर होती. मी वाकून पाया पडायला गेले तर त्यांनी पाय आत घेतले; ते कुणालाच पाया पडू देत नसत. मी दार लावलं. त्यांनी काच खाली केली.

‘नऊ होते ना?’

‘नऊ होते, काका.’

‘मोजून?’

‘दोनदा मोजले.’

त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली, पार जितकी वळेल तितकी, आणि कडेच्या नजरेनं माझा चेहरा शोधत राहिले. मी हलले नाही. मुलानं गाडी सुरू केली.